चोवीस इंच आणि एक टेबल

पेन डिस्प्ले, म्हणजे ज्याच्या पडद्यावरच पेनने चित्र काढता येतं तो, घ्यायचा हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. केवढा घ्यायचा, यात मात्र अख्खा पावसाळा गेला.

माझं काम मुखपृष्ठांचं आणि मुलांच्या पुस्तकांचं. जूनपासून दिवाळी अंकांची गडबड सुरू होते, ती शेवटचा अंक छपाईला गेला की संपते. बरीच वर्षं हे सगळं मी वॅकॉमच्या मध्यम आकाराच्या, बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर केलं. हात खाली टेबलावर, नजर समोर मॉनिटरवर. नवख्या माणसाला ते विचित्र वाटतं, पण थोड्या दिवसांत हात सरावतो. अडचण होती ती जागेची. त्या टॅब्लेटवर चित्र काढायला मिळते ती जागा २१६ बाय १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण ए-फाइव्ह कागदाएवढी. तेवढ्यात समोरचा सगळा मॉनिटर मावतो. मनगट दोन सेंटिमीटर हललं की पडद्यावरची रेघ साडेचार सेंटिमीटर पळते.

बारीकसारीक कामाला हे चालतं. पण साडीचा पदर, झाडाची फांदी, पालखीच्या दांडीचा बाक अशी लांब, एका दमात ओढायची रेघ आली की ती दर वेळी थोडी कातरलेली यायची. मग पुसायची, पुन्हा ओढायची. स्टॅबिलायझर नावाची सोय असते. ती रेघ गुळगुळीत करून देते, पण मग कुणाचीही रेघ कुणाचीही वाटते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून आपल्याकडे चित्र काढणाऱ्या मुलांचा हात मोठ्या कागदावर तयार होतो. कॉलेजात तर हाफ इम्पिरियल शीट, म्हणजे २२ बाय १५ इंच, बोर्डाला लावून डाँकी म्हणतात त्या बाकावर बसायचं आणि कोपर हवेत ठेवायचं. आमचे सर मागून येऊन मनगटावर पेन्सिल टेकवायचे. मनगट हललं की टक्कन लागायची. रेघ खांद्यातून यायला हवी, हे अंगात भिनवलेलं असताना मी ए-फाइव्हवर दिवाळीची मुखपृष्ठं करत होते. मोठा डिस्प्ले हवा होता तो या हातासाठी. डोळ्यांना मोठा मॉनिटर होताच.

हे एकदा लक्षात आल्यावर जाहिरातींतले बरेच आकडे आपोआप बाजूला पडले. दाबाच्या ८,१९२ पातळ्या की १६,३८४, यावरून लोक हिरिरीने वाद घालतात. हाताला त्यातलं काहीही कळत नाही. कळतं ते एवढंच, की पेन किती हलकं टेकवल्यावर रेघ उमटायला लागते. काही पेनांना ती सुरुवातच जड असते, आणि अशा पेनने केसांच्या बटा काढताना बोटं आवळली जातात. हा गुण कागदावर वाचून समजत नाही, हातात धरूनच समजतो. पुण्यात दुकानात जाऊन मोठा डिस्प्ले मनासारखा वापरून बघावा, असं ठिकाण मला काही सापडलं नाही. शेवटी अॅनिमेशनचं काम करणाऱ्या एका मित्राच्या स्टुडिओत शनिवारी दुपारी जाऊन बसले. त्याच्याकडे वॅकॉमची सिंटिक होती, आणि बाजूच्या टेबलांवर ह्युइऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांचे डिस्प्ले.

त्याने परीक्षा घ्यायची पद्धत दाखवली. स्टीलची फूटपट्टी चालत नाही, कारण काचेखालच्या चुंबकीय क्षेत्रात धातू लुडबुड करतो. प्लास्टिकची पट्टी तिरकी ठेवायची आणि तिच्या कडेने पेन अगदी हळू, मुंगीच्या चालीने न्यायचं. भरभर ओढलेली रेघ सगळ्याच यंत्रांवर सरळ येते. खोट दिसते ती सावकाश ओढलेल्या तिरक्या रेघेत. या पेनांना बॅटरी नसते. पडद्यामागच्या फलकात तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातल्या वेटोळ्यात त्याने वीज जागी होते आणि पेन उलटा इशारा पाठवतं. टोक दाबलं की त्या इशाऱ्याची कंप्रता बदलते, तोच दाब. दोन तारांच्या मध्ये पेन नेमकं कुठे आहे, हे यंत्राला गणिताने ताडावं लागतं. ते गणित कच्चं असलं की तिरकी रेघ नागमोडी होते. पूर्वी या बाबतीत वॅकॉमच्या पासंगाला कुणी पुरत नसे. १९८३मध्ये जपानात सुरू झालेल्या या कंपनीने बिनबॅटरीच्या पेनाचं तंत्र पेटंटांनी बांधून ठेवलं होतं. पेटंटांची मुदत सरत गेली तसे चिनी कंपन्यांची पेनंही बिनबॅटरीची झाली. त्या दुपारी मला तीन टेबलांवरच्या रेघांत फरक दिसला, पण किमतीत जेवढा होता तेवढा मुळीच नाही. वॅकॉम अजूनही सरस आहे, हे मान्य. दुपटीहून जास्त पैसे मोजण्याइतकी सरस मात्र माझ्या कामाला नाही.

मग आकार. घरी येऊन मी पुठ्ठा कापला. २१.५ इंची डिस्प्लेचा पडदा ४७६ बाय २६८ मिलिमीटर असतो आणि ज्याला २४ इंची म्हणतात त्याचा ५२७ बाय २९६. दुसऱ्या पुठ्ठ्यावर ए-थ्री कागद आडवा ठेवला आणि बघतच राहिले. ए-थ्रीची रुंदी २९७ मिलिमीटर, म्हणजे उंचीला कागद पडद्यावर जवळजवळ तंतोतंत बसतो. लांबी ४२०. ती जाऊन बाजूला दहा सेंटिमीटरहून जास्त जागा उरते, ब्रश आणि लेयरच्या पट्ट्या मांडायला अगदी पुरेशी. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मलपृष्ठासकट उघडलं की ते ए-थ्रीच्याच घरात जातं. म्हणजे चित्र आहे त्या मापाचं डोळ्यासमोर राहणार, झूम करत बसायला नको. २१.५ तिथेच बाद झाला.

फोर-के हवा की नको, हा प्रश्न माझ्या लॅपटॉपनेच सोडवला. त्याचं एचडीएमआय १.४ जातीचं, आणि त्यातून फोर-के चित्र सेकंदाला तीसदाच जातं. चित्र बघणाऱ्याला ते खपून जाईल, पण काढणाऱ्याला पेनच्या मागून रेघ फरफटत येताना दिसते. २५६० बाय १४४०चं चित्र त्याच वाटेने सेकंदाला साठदा जातं. टाइप-सीचं भोक आहे म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. कित्येक लॅपटॉपांत त्या भोकातून फक्त डेटा आणि चार्जिंग चालतं, चित्र येतच नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

ऑर्डर देण्याआधी मी मिस्त्रींना बोलावलं. आमचं नेहमीचं टेबल ३० इंच उंच, आणि त्यावर तिरका डिस्प्ले ठेवला की त्याची वरची कड जवळजवळ हनुवटीला येते. खांदे कानाशी जाऊन बसतात. मिस्त्रींनी पुठ्ठा हातात घेतला, मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "ताई, लिहिताना जसं बसता तसं बसा. फोटोला बसता तसं नको." मग कोपराची उंची मापली. २५ इंचांचं टेबल ठरलं. १९ मिलिमीटरचा प्लाय आणि वर मॅट सनमायका, कारण चकचकीत सनमायकाचा उजेड थेट काचेत दिसतो. पुढे चार इंचांची सपाट पट्टी कोपर टेकायला आणि मागे केबल खाली सोडायला खाच. डिस्प्ले उतरत्या फळीवर पक्काच बसवावा, असा त्यांचा आग्रह होता, शाळेच्या जुन्या डेस्कसारखा. मला कोन बदलता यायला हवा होता. शेवटी स्टँडसाठी जागा मोकळी सोडून घेतली. लांब रेघेला उभट कोन आणि रंग भरताना आडवा, हा बदल मी दिवसातून कितीतरी वेळा करते. त्यामुळे घट्ट, न डगमगणारा स्टँड ही चैन नव्हे. खोक्यात येणारे काही स्टँड हाताचा भार पडला की मागे सरकतात, ते बघूनच घ्यावं.

डिस्प्ले आला, जोडला, आणि पहिल्याच रेघेला कंप. स्टुडिओतली परीक्षा इथे केली तर तिरकी रेघ चक्क शहारत होती. मागच्या पत्र्यावर मनगट घासलं तर बारीक मुंग्या येत होत्या. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि रेघ जागच्या जागी सरळ झाली. पुन्हा लावली, की थरथर सुरू. म्हणजे डिस्प्लेत काही नव्हतं, गडबड भिंतीत होती.

वायरमनने टेस्टर पत्र्याला लावला, तर दिवा मिणमिणला. त्याने बोर्ड उघडून दाखवला. तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक नुसतं शोभेला, मागे तारच नाही. आमची इमारत जुनी. वायरिंग करणाऱ्याने त्या खोलीत अर्थची वायर ओढलीच नव्हती, आणि खाली मीटरखोलीत अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली. असल्या अॅडॅप्टरमधून थोडी गळती होतच असते. अर्थ असेल तर ती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर यंत्राच्या अंगावर खेळत राहते, आणि पेनचा इशारा इतका नाजूक असतो की त्यात ती मिसळते. सोसायटीच्या मीटिंगला मी विषय काढला, तर सेक्रेटरीकाकांनी विचारलं, "चित्रं काढायला अर्थिंग कशाला लागतं?" मी गीझरचं नाव घेतलं, तेव्हा सगळे गंभीर झाले. नवी प्लेट, मीठ, कोळसा घालून खड्डा भरला गेला, प्रत्येकाला वर्गणी बसली, आणि माझी रेघ सरळ झाली. काकांच्या घरी फ्रिजचा दांडा धरल्यावर झिणझिण्या यायच्या म्हणे, त्याही गेल्या. ते श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही.

रंगांचं प्रकरण जास्त चिवट निघालं. लॅपटॉपचा पडदा फिका, नवा डिस्प्ले गडद. एकच शेंदरी इकडे विटकरीसारखा, तिकडे पेटलेला. मित्राकडून कॅलिब्रेटर आणला. काचेवर ठेवायचं ते छोटं यंत्र एकेक रंग मोजत जातं. पांढरा ६५०० केल्व्हिनला आणला आणि उजेड १२० निट्सपर्यंत उतरवला. पहिले काही दिवस पडदा मेल्यासारखा वाटला. पण छापखान्याचा प्रूफ शेजारी धरला की दोन्ही एकाच घरातले दिसायला लागले. तरी झगझगीत भगवा आणि मोरपंखी निळा हे छपाईच्या चार शायांत पूर्ण उतरत नाहीत, कितीही महागडा डिस्प्ले घेतला तरी. त्यामुळे मुखपृष्ठाचं काम आता मी पडद्यावर सीएमवायकेचा, म्हणजे त्या चार शायांचा, प्रूफ चालू ठेवूनच रंगवते. आधी मोहात पडायचं आणि मग प्रेसमध्ये हळहळायचं, यापेक्षा ते बरं.

काच खरखरीत केलेली आहे, त्यामुळे पेन घसरत नाही, कागदाचा थोडा भास होतो. त्याचा कर नीबला भरावा लागतो. टोक एका बाजूने छिन्नीसारखं झिजतं, आणि झिजलेली नीब काचेवर ओरखडा पाडू शकते, म्हणून ती बोटाने चाचपून बघायची आणि वेळेवर बदलायची. करंगळी आणि अनामिका झाकणारा दोन बोटांचा हातमोजाही मी घालते. मे महिन्यात घामाचा हात काचेला चिकटतो तेव्हा त्याची किंमत कळते.

आणि रेघ? लांब रेघा आता कोपर उचलून, एका ओढीत येतात. पहिल्या आठवड्यात उजवा खांदा दुखला. कॉलेज सुटल्यानंतर प्रथमच दुखला असेल. वारीवरच्या एका चित्रात दिंडीची वळणदार ओळ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता काढली. ती थोडी जाड-बारीक झाली आहे, एका ठिकाणी थोडी बाहेरही गेली आहे. संपादकांनी नेमकी तीच तशीच ठेवा म्हणून सांगितलं. काम भराभर होतं असं मात्र नाही. उलट हाताखाली चित्राचा काही भाग झाकला जातो. पूर्वी हात खाली आणि चित्र समोर असल्याने सगळं सतत दिसायचं. आता मधून मधून हात उचलून मागे सरकून बघावं लागतं. मानेचंही भान ठेवावं लागतं, कारण मान खाली घालून काम करायची सवय फार लवकर लागते.

हल्ली कुणीकुणी सल्ला विचारायला येतं. मी आधी टेबलाची उंची, खोलीतला सॉकेट आणि लॅपटॉपचं भोक विचारते, त्यामुळे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. परवा कॉलेजातली एक मुलगी आली होती. तिला माझ्यासारखाच हवा होता. तासभर तिला इथे बसवलं. ती मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा करते. छोटे चेहरे, छोट्या चौकटी, सगळं काम बोटांतून. चोवीस इंचांच्या पडद्यावर तिने डावीकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत काम केलं आणि बाकीचा पडदा रिकामा. शिवाय ती दोघींत एक खोली वाटून राहते. मी म्हटलं, तेरा इंची घे, त्याची घनताही जास्त असते, बारीक रेघ स्वच्छ दिसेल, आणि गावी जाताना सॅकमध्ये जाईल. तिला ते फारसं पटलं नाही. पण घेतला तेराच, आणि उरलेल्या पैशांत खुर्ची घेतली.