बुद्धाच्या नावानं



मागल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही पोरांनी बेलवलीत विहाराच्या भिंतीला चादर ताणून 'जंग और अमन' लावला. आनंद पटवर्धनांचा, 2002 सालचा. मी नाईट पाळी करून आलेलो. डोळे चुरचुरत होते, पण झोप उडाली.

11 मे 1998. पोखरणला स्फोट केले तो दिवसही बुद्धपौर्णिमेचाच. 1974 च्या स्फोटाला तर नावच 'हसरा बुद्ध'. अंगुलीमालाला तलवार खाली ठेवायला लावणारा बुद्ध, त्याला यांनी बॉम्बवर बसवला!

पिक्चर संपल्यावर एक काका उठले. "पोरांनो, आधीच आपल्याकडं वाकड्या नजरेनं बघतात. बॉम्बच्या विरोधात बोलाल तर देशद्रोही ठरवतील." मी गप्प. कारण 98 साली माझ्या बापानंही गिरणीच्या गेटावर पेढा खाल्लेला. घरी येऊन त्याच हातानं बुद्धापुढं मेणबत्ती लावली.

या पिक्चरला सेन्सॉरनं कात्री लावायला सांगितली. 2003 ला मुंबई हायकोर्टानं तो न कापता सोडला. तिकडं बीबीसीनं 1965 ला अणुयुद्धावर 'द वॉर गेम' बनवला. लोक हबकतील म्हणून दाबला, टीव्हीवर आला 1985 ला. बॉम्ब बनवताना लोकांची काळजी नसते, दाखवताना बरी आठवते.

शेवटी बोललोच, "काका, बॉम्ब जात विचारणार नाही. पण तळघरात कुणाला घ्यायचं, तिथं विचारतील."

काका काही बोलले नाहीत. चादर काढायला मात्र त्यांनीच हात लावला.

आता बापाला पिक्चर दाखवायचाय. पेढ्याचं विचारणार नाही. मेणबत्तीचं विचारीन.