"मॅडम, तुम्हाला दिसतंय ना!"

कुठल्याही ॲपने लोकेशन मागितलं की माझं बोट आपोआप 'नाही'वर जायचं. नकाशाला परवानगी होती, तीही अंदाजे जागेचीच. अँड्रॉइड १२पासून तशी सोय आहे आणि मला ती इतकी आवडली की मी ती दोघा-तिघांच्या फोनमध्येही लावून दिली. पाळत, जाहिराती वगैरेंवर माझं भाषण तयार असायचं. त्यातलं फारसं काही मला आजही चुकीचं वाटत नाही. माझं गणित चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

भर पावसात ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना मेहुण्याची मोटरसायकल घसरली. मी मागून दुसऱ्या गाडीवर होतो. त्याचा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता, पण तो शुद्धीवर होता. रेंज येत-जात होती. कसाबसा १०८ लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "नक्की कुठे आहात?"

"ताम्हिणी घाटात."

"घाटात कुठे? जवळपास काय आहे?"

आणि लोकेशन बंद ठेवण्याचा अभिमान मिरवणारा मी ओरडलो, "मॅडम, तुम्हाला दिसतंय ना तिकडे!"

वर्षभर फोनवर संशय घ्यायचा आणि संकटात तो सर्वज्ञ आहे असं धरून चालायचं, हा माझा कारभार. फोन लागला की भिंतभर नकाशावर लाल ठिपका लुकलुकतो, हे मी सिनेमात शिकलो होतो. टॉवरवरून नुसता अंदाज निघतो, आणि टॉवर विरळ असलेल्या डोंगरात तो काही किलोमीटरनेही चुकू शकतो. आणीबाणीच्या कॉलबरोबर फोनने स्वतःच नेमकी जागा कळवण्याची सोय अँड्रॉइडने २०१६मध्ये आणली, पण त्यासाठी पलीकडची यंत्रणा तिला जोडलेली हवी. आपल्याकडे हे काम उत्तर प्रदेशाने पहिल्यांदा केलं, तेही २०२५च्या डिसेंबरात. आमचा अपघात त्याच्या बराच आधीचा, आणि घाट महाराष्ट्रातला.

बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी आणखी एक शहाणपणा केला. "थांबा, बघून सांगतो," म्हणत फोन कट केला आणि नकाशा उघडला. पाण्याने ओली बोटं, नेट नाही, मध्ये एक मोठं फिकट निळं वर्तुळ. जीपीएसला खरं तर नेट लागत नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे चार उपग्रह सापडले की काम होतं. फक्त नेट नसलं की प्रत्येक उपग्रहाची माहिती त्याच्याकडूनच उतरवून घ्यावी लागते. त्यालाच अर्धा मिनिट जातो, दरीत आणि झाडीत जास्तच. तेवढं थांबून अक्षांश-रेखांश तोंडी सांगता आले असते. पण नेमक्या जागेची परवानगी मीच काढून घेतली होती, आणि ते आकडे फोनमध्ये कुठे दिसतात हेही मला ठाऊक नव्हतं.

शेवटी रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या एका काकांनी फोन हातातून घेतला, पुन्हा १०८ लावायला लावला आणि एका दमात सांगून टाकलं: डोंगरवाडी सोडली, कोंडेथरच्या अलीकडं, माणगावकडं उतरताना डाव्या हाताला, गाडी विळ्याच्या बाजूनं पाठवा. मी इतका वेळ ज्याला टेकून उभा होतो तो किलोमीटरचा दगड होता. त्यावरचा आकडाही काकांनीच वाचून दाखवला.

घरी आल्यावर मी दुसरं टोक गाठलं. जे जे बंद होतं ते सगळं चालू केलं, एसओएससुद्धा. २०१६च्या सरकारी नियमांनुसार २०१७पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटण असणं सक्तीचं आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा, काही फोनांत पाचदा. कीपॅडचा फोन वापरणाऱ्या सासूबाईंना मी हे मोठ्या तोऱ्यात शिकवलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या घट्ट खिशात ते बटण दाबलं जाऊन ११२ला फोन लागला. मी घाबरून कट केला. लगेच तिथल्या बाईंचा उलट फोन आला, "मदत हवी आहे का?" मी म्हणालो, "नाही नाही, राँग नंबर." फोन त्यांनी केलेला, आणि राँग नंबर म्हणणारा मी.

"साहेब, चुकून लागला तर कट करू नका," त्या म्हणाल्या. "तसं बोला. नाहीतर गाडी पाठवायची की नाही ते आम्हाला कसं कळणार?"