पँटवरून पोरगं

मोर्शीचं पोरगं पुण्यात खोली पाहायला गेलं, की घरमालक आधी त्याची पँट पाहतो आणि मग ते तोंड उघडायची वाट पाहतो. पोरगं म्हणतं, ‘खोली रिकामी हाय काय जी?’ झालं! खोली तत्क्षणी भरते. वर ‘नागपूरकडचे का?’ मोर्शी अमरावती जिल्ह्यात आहे, हे सांगून उपयोग नाही. आमची मोर्शी-वरुडची संत्रीसुद्धा ‘नागपुरी’ म्हणूनच खपतात. पण त्यांना निदान घरात तरी घेतात!

अर्थात पुण्यालाच नावं का ठेवा? मेळघाटातलं एखादं कोरकू पोरगं मोर्शीच्या एस.टी. स्टँडवर उतरलं, की आमची वडीलधारी मंडळी आपापल्या पिशव्या जवळ ओढतात. गुडघ्यावर फाटलेली जीन्स दिसली, तर ‘गेलं वाया!’ आणि हीच मंडळी गाडगेबाबांच्या फोटोला हार घालायला सर्वांत पुढे. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं! शेंडगावचे बाबा १९५६ साली गेले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. तेव्हा मोर्शीच्या पोराच्या पदवीवरही तेच. मी पाहतो ना, ती पदवी आणायला पोरगं निघालं, की बाप दारातून ओरडतो, ‘इस्त्रीचा सदरा घालजो बाप्पा, लोकं काय म्हनतीन!’