शहरांचे माप

इ. स. १३२५ मध्ये प्रवाशांचा एक तांडा उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस शहराच्या वेशीशी येऊन पोहोचला. नगरवासी सामोरे आले. कोणी आप्ताला भेटला, कोणी मित्राला कवटाळले. जिकडेतिकडे कुशल विचारले जाऊ लागले. त्या गर्दीत एकवीस वर्षांचा एक तरुण मात्र एकटाच होता. त्याला ओळखणारे तेथे कोणीच नव्हते. त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ते पाहून एक यात्रेकरू जवळ आला, त्याने आपुलकीने विचारपूस केली आणि शहरात शिरेपर्यंत त्याला बोलण्यात रमविले. हा तरुण म्हणजे मोरोक्कोतील टँजियर शहराचा इब्न बतूता. मक्केच्या यात्रेसाठी निघालेला हा मुशाफर पुढे सुमारे चोवीस वर्षे परदेशांतच वावरला.

शहराशी शहर ताडून पाहण्याची त्याला मोठी हौस. कैरोची थोरवी सांगताना तो उंटांवरून पाणी वाहणाऱ्या बारा हजार पाणक्यांचा आकडा देतो. अलेक्झांड्रियाच्या तोडीची बंदरे सांगताना त्याला मलबार किनाऱ्यावरील कोल्लम आणि कालिकत आठवतात. दिल्लीस सुलतान महंमद तुघलकाच्या पदरी तो काजी होता. तेथून सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता वाटेत आपले दौलताबाद लागले. हे नगर महत्त्वाने आणि विस्ताराने दिल्लीची बरोबरी करते, असे तो म्हणतो. तेथील द्राक्षे-डाळिंबे वाखाणतो आणि किल्ल्याच्या अंधारकोठडीतील उंदीर मांजरांहून मोठे असल्याचे नवलही नोंदवितो! पृथ्वीच्या पाठीवर आपण पाहिलेले सर्वांत मोठे शहर मात्र चीनमधील हांगचौ, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याच्या चीनच्या वृत्तांतातील काही भागाविषयी अभ्यासकांना शंका वाटते, हेही खरे.

पण विस्तार आणि आकडे यांनी शहर मोजता आले, तरी ते ओळखता येते काय? दमास्कसच्या एका गल्लीत त्याने एक प्रसंग पाहिला. एका लहानग्या गुलामाच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. भोवती लोक जमले. त्यांतील एकाने त्याला तुकडे गोळा करावयास सांगितले आणि तो स्वतः त्याला एका अधिकाऱ्याकडे घेऊन गेला. फुटलेल्या भांड्यांची भरपाई करण्यासाठी त्या शहरात चक्क एक धर्मादाय निधी होता! तुकडे दाखविताच तशीच दुसरी थाळी घेण्याइतके पैसे पोराच्या हातावर पडले. मालकाचा मार टळला. त्या शहराचे मन इब्न बतूताला एका फुटक्या थाळीत दिसले.

चीनइतका प्रवाशाला सुरक्षित देश दुसरा नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. तरीही तेथे त्याचे मन रमेना. चालीरीती परक्या वाटत. म्हणून तो शक्यतो बिऱ्हाडाबाहेर पडत नसे. अशातच एक विद्वान गृहस्थ भेटीस आला. बोलता बोलता तो टँजियरजवळच्याच सेउटा गावचा निघाला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. दोष शहराचा नव्हता. पाहणाऱ्याचे मन घराकडे लागले होते.

१३४९ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा वाटेतच त्याला कळले की आई महामारीत निवर्तली आहे. पुढे सुलतानाच्या आज्ञेने त्याने आपला वृत्तांत लेखनिकास सांगितला. तो १३५५ मध्ये पूर्ण झाला. त्यात मिसर आणि सिरिया येथील बाजारभावांशी आपल्याकडील भाव ताडून, आपलाच देश सर्वांत उत्तम, असा निकाल त्याने दिला आहे आणि हा निकाल निःपक्षपाती असल्याचेही बजावले आहे! वाचणाऱ्याला हसू येते. पण इतकी नगरे पाहून आलेल्या माणसाचे ते बोलणे मनाला भिडते.

कैरोतील पाणक्यांची संख्या त्याने सांगितली. ट्युनिसच्या वेशीवर जवळ आलेल्या त्या यात्रेकरूचे नाव मात्र त्याच्या वृत्तांतात नाही. तरीही तीस वर्षे लोटल्यावर तो त्याला विसरला नव्हता.