पाटल्या

परवा पुतणीच्या लग्नानिमित्त जळगावच्या सराफ बाजारात जाणे झाले. आजीच्या पाटल्या मोडून नव्या घडणीचे काही करावे, असे घरात सर्वानुमते ठरले होते, आणि तोळ्याचा भाव लाखापलीकडे गेल्यामुळे त्या निर्णयाला व्यवहाराचेही पाठबळ होते. परंतु पेढीच्या मागच्या बोळातून तेजाबाचा आणि तापलेल्या मुशीचा तो उग्र, घशाशी बसणारा वास आला मात्र, काट्याकडे नेलेला हात मी मागे घेतला आणि पाटल्या रुमालात बांधून मुक्ताईनगरची एस.टी. धरली.

मुक्ताईनगराला माझ्या लहानपणी एदलाबाद म्हणत. रोहिणी नक्षत्र लागले, की सरकीसाठी आणि पेरणीच्या मजुरीसाठी रोकड हवी असे, आणि घरात तर कणगीच्या तळाशी असलेल्या ज्वारीखेरीज काही शिल्लक नसे. अशा वेळी आजोबा एक शब्दही न बोलता ओसरीवर येऊन बसत, आजी माजघरातून येऊन पाटल्या त्यांच्यासमोर ठेवी, आणि गुलाबी कागदात गुंडाळलेला तो जोड कनवटीला लावून आजोबा सराफाकडे तारण म्हणून नेत. पुढचे सहा-सात महिने आजीच्या मनगटांवर दोन फिकट, किंचित खोलगट पट्टे तेवढे उरत. रापलेल्या हातांवर तेवढीच जागा उन्हापासून वाचलेली असे. ज्येष्ठातल्या लग्नांना जाताना ती पदर मनगटांवरून घेई. पण पंगतीत वाढायला वाकले की पदर सरके, आणि आमच्या घरचा जमाखर्च साऱ्या गावाला वाचता येई.

मला मात्र आठवत राहतो तो पाटल्या सुटण्याचा दिवस. कापसाची रक्कम हाती आली, की आजोबा मला बरोबर नेत. सराफ खतावणीतले पान काढी, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज पुटपुटत करी, पाटल्या आमच्यासमोर पुन्हा तोलून दाखवी आणि मग खात्यावर टाकाने आडवी रेघ ओढी. आजोबा पाटल्यांकडे पाहत नसत, त्या रेघेकडे पाहत. त्या रात्री घरी खापरावर पुरणाचे मांडे होत, आणि एरवी मितभाषी असलेले आजोबा मध्यरात्रीपर्यंत ओसरीवर बोलत बसत. इतका निर्भर आनंद मी पुढे कोणत्याही घरात, अगदी माझ्या स्वतःच्याही घरात, पाहिला नाही. पुढे विहिरीवर मोटर बसली, कपाशीच्या रानात केळी आली, सोसायटीचे पीककर्ज मिळू लागले, आणि पाटल्या बाराही महिने आजीच्या हातांत राहिल्या. उत्पन्न वाढले होते यात शंका नाही. पण त्या बारमाही सोन्याकडे कोणी मुद्दाम पाहिल्याचे मला स्मरत नाही, आणि मांडेही सणापुरते उरले.

कापसाच्या या मुलखाने याहून फार मोठा पैसा पूर्वी पाहिला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्याकडच्या कापसाचे भाव असे भडकले, की गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या हकिकती वऱ्हाड-नागपूरकडच्या अंमलदारांनी लिहून ठेवल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. चांदी गेली आणि तिच्या भरवशावर काढलेली कर्जे मागे राहिली. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले कुणबी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख तिजोरीवर नव्हता, दस्तऐवजांवर होता. सुप्यापासून गावोगाव त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ते कागद जळताना पाहणाऱ्यांच्या मनात काय असेल, हे मी आजोबांच्या मुद्रेवरून ओळखू शकतो.

म्हणूनच, द्रव्य आणि समाधान यांचा काही संबंध नाही असे व्यासपीठावरून कोणी सांगू लागले, की मला राग येतो, आणि तो आवरावा असेही वाटत नाही. आमचे गाव मुक्ताईचे. येथे कीर्तन-प्रवचनांची वाण नाही, आणि तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा मी कितीदा ऐकली आहे. प्रत्येक वेळी ती तुकोबांच्या विरक्तीची कथा म्हणूनच सांगितली गेली. परंतु ज्यांची खते त्या डोहात गेली, त्या देहूच्या घरांत त्या रात्री कोणी काय शिजवले असेल, हे मला आजवर कोणी सांगितले नाही. पैशाची चणचण माणसाचे काय करते, हे पाहण्यासाठी तमिळनाडूतल्या ऊसकऱ्यांची मुल्लाइनाथन, शफीर आदी संशोधकांनी परीक्षा घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की तोच शेतकरी पीक हाती येण्यापूर्वी बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडतो आणि रक्कम मिळाल्यावर सरस ठरतो. विवंचना माणसाची बुद्धीसुद्धा गहाण ठेवून घेते. ती सुटते पैशानेच. प्रवचनाने सुटलेली मी पाहिली नाही.

हे सारे मी ठामपणे मानतो. तरीही एस.टी.त मांडीवर रुमाल घेऊन बसलो असताना, ती कापसाची रक्कम कोणत्या क्रमाने फिटे, याचा विचार मनात आला आणि मग हटेना. पहिली सरकारी तगाई, कारण तिच्यामागे जप्ती असे. मग सराफ, कारण त्याचे व्याज चढे. मग वाण्याची उधारी, कारण तो पुढचा किराणा अडवू शके. आणि सर्वांत शेवटी कापूस वेचणाऱ्या बायकांची मजुरी, कारण त्यांच्या बाकीला व्याज नव्हते आणि त्यांच्या हाती जप्तीही नव्हती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी त्यांच्या बोटांची पेरे चिरलेली असत. त्यांच्या अंगावर गहाण टाकण्याजोगे सोने नव्हतेच, तेव्हा ते सुटून येण्याचा दिवसही त्यांच्या घरी कधी उगवला नसणार.

अशाच एका सायंकाळी, पाटल्या घरी आल्या त्याच दिवशी, त्यांच्यातली एक वयस्क बाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आजीचे हात पाहून ती म्हणाली, “बरं झालं माय, हात भरले तुमचे.” त्या स्वरात असूया होती का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे, मला ती सापडत नाही. आजीने तिला पायलीभर ज्वारी आणि मांड्याचा तुकडा दिला, आणि रक्कम पुढच्या बाजारी देऊ, असे सांगितले. त्या आठवड्याची मजुरी तिला आमच्याकडून यायची होती, आणि ती मागायलाच ती आली होती.