तेरणेचे डोह

शिक्षकाच्या नोकरीमुळे माझी काही वर्षे वसई सोडून ढोकीला गेली. समुद्राच्या मासळीवर पोसलेल्या मला तेथे नदीच्या मासळीची ओळख झाली. तेरणा तशी लहान नदी. गोरोबाकाकांच्या तेर गावाजवळून वाहत ती पुढे मांजरेला मिळते. उन्हाळ्यात तिची धार तुटते आणि मागे डोह उरतात. मरळ, वांब, शिंगाळा ही सारी मंडळी त्या चारदोन डोहांच्या आसऱ्याने पावसाची वाट पाहतात.

मरळीचे मला विशेष कौतुक. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून इतर मासे तडफडतात अशा गढूळ पाण्यातही ती तग धरते. पाणगवतात घरटे करून आईबाप पिलांची राखण करतात. राखणीला बसलेली जोडी सहजासहजी जागा सोडत नाही आणि त्यामुळेच गळाला लागते. पोरकी पिले मग इतर माशांच्या पोटात जातात.

येथे भोई बांधवांना दोष देणे सोपे आहे. परंतु भरल्या नदीत जाळे टाकणे निराळे आणि आटत्या डोहात टाकणे निराळे. भरल्या नदीत बरेचसे मासे निसटतात, आटत्या डोहात बियाण्यापुरताही उरत नाही. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ सालच्या आठवणी अजून निघतात. पण २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ हुकले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, ती ढोकीवरूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. माणसांची तहान अशी भागली; डोहातल्या जिवांसाठी कोणती गाडी येणार होती?

पाऊस आला तरी त्याचा नेम राहिलेला नाही. चढणीचे मासे (आपल्याकडे त्याला वलगण म्हणतात) पहिल्या पुराबरोबर उथळ पाण्यात अंडी घालतात. नंतर पावसाने दडी मारली की ती अंडी उन्हात सुकतात. पुढे २०२५ च्या सप्टेंबरसारखी अतिवृष्टी झाली, तरी तो हंगाम हातचा गेलेला असतो. चढणीच्या गाभोळीची आपली आवड आहेच. तिच्याविषयी अधिक न बोलणे बरे!

तलावांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. त्यावर मच्छीमार संस्था चालतात, हे चांगलेच आहे. पण त्याने मरळ परत येत नाही. समुद्रात निदान १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. नदीतल्या माशाला असा मान कोठला?

वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे मानून कोणी धरीत नाही, म्हणून ते तेथे टिकले आहेत. तेरणेचाही एखादा डोह मार्चपासून पावसापर्यंत राखावा, असे मी एका वृद्ध भोयाला सुचवले. तो म्हणाला, “राखायला आमची ना न्हाई, गुरुजी. पर तवर चुलीवर काय ठिवायचं?”