लाडू मोजून पाठवले



'दंगल'साठी आमिर खानने वजन 97 किलोपर्यंत वाढवलं होतं. उतारवयातल्या जाड बापाचा भाग त्याने आधी चित्रित करायला लावला. तो शेवटी ठेवला असता तर वजन उतरवायला कारणच उरलं नसतं, असं त्याचं म्हणणं. मला हे फार पटलं. वाढवताना सगळे सोबत असतात, उतरवताना आपण एकटे.

1982 मध्ये बी.कॉम. होऊन मी सासरी आले ती 44 किलोची. बाळंतपणात सासूबाईंनी मायेने भरवलं. बटाटा आमच्यात नाही, मध नाही. मग केळी, खारीक, डिंक, अळीव आणि वर तूप. सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर काटा 61 वर. 'आता कशी सुनेसारखी दिसते,' असं सगळे म्हणायचे!

पन्नाशीत साखर काठावर आली, तेव्हा वही काढली. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कमी खाल्ल्या तर पंधरवड्यात किलोभर उतरायला हवं. शरीर हा हिशेब मानत नाही. वजन घटू लागलं की ते स्वतःचा खर्च आवरतं आणि भूक वाढवतं. चरबीच्या पेशी आकसतात, पण त्यांची संख्या फारशी घटत नाही. शिल्लक कमी होते, खातं बंद होत नाही.

दशलक्षणात दहा दिवस एकाशन करते. दोन-तीन किलो उतरतात, त्यात बरंचसं पाणीच, दिवाळीपर्यंत परत. (तप वजनासाठी करायचं नसतं, हे माताजींनी बजावलंय, ते वेगळं.) उपयोग झाला तो अवमौदर्याचा, रोज भुकेपेक्षा दोन घास कमी. दोन वर्षांत पाच किलो गेले.

परवा भाचीचा फोन आला. वजन 41, लग्न ठरलंय, सगळे म्हणतात अंग भरायला हवं. "मामी, तुमचे डिंकाचे लाडू हवेत." आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे म्हटलं. रोज एकच लाडू, सोबत मुगाचं धिरडं, शेंगदाणे, दूध आणि थोडा व्यायाम. दर रविवारी वजन लिहायचं, 46 झालं की लाडू बंद.

वन्सं रागावल्यात. लग्नघरात कुणी लाडू मोजतं का, म्हणाल्या. पहिल्या डब्यात मी 21च पाठवलेत.